टोनीच्या भिंतीवरचा रॉकी

'सॅटर्डे नाइट फीव्हर'मधल्या टोनी मानेरोच्या खोलीत 'रॉकी'चं पोस्टर आहे. आसपास ब्रूस ली, अल पचिनो, फॅरा फॉसेट अशी बाकीची दैवतं. शनिवारी संध्याकाळी टोनी चड्डीवर आरशासमोर उभा राहतो, केस फुगवून विंचरतो, गळ्यातली साखळी सारखी करतो आणि ही सगळी मंडळी भिंतीवरून त्याचा साजशृंगार बघत असतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला, रंगाच्या दुकानात नोकरीला असलेला एकोणीस वर्षांचा पोरगा. 1977 सालचा हा चित्रपट. पुढे सहा वर्षांनी, 1983च्या जुलैमध्ये, त्याचा दुसरा भाग आला. नाव 'स्टेइंग अलाइव्ह' आणि दिग्दर्शक चक्क सिल्वेस्टर स्टॅलोन. म्हणजे भिंतीवरचा रॉकी खाली उतरला, दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसला आणि भक्ताला म्हणाला, चल, आता तुला माझ्यासारखा करतो.

योगायोग इथेच संपत नाहीत. पहिल्या भागाचं दिग्दर्शन आधी 'रॉकी'चाच दिग्दर्शक जॉन एव्हिल्डसन करणार होता. निर्माता रॉबर्ट स्टिगवूडचं आणि त्याचं पटेना, तेव्हा चित्रीकरणाच्या तोंडावर त्याला काढून जॉन बॅडमला आणलं गेलं. रॉकी पुढच्या दाराने बाहेर गेला होता, तो मागच्या दाराने आत आला.

'फीव्हर' म्हटलं की लोकांना पांढरा सूट आणि आभाळाकडे रोखलेलं बोट एवढंच आठवतं. त्या सुटाचीही एक गोष्टच आहे. शिकागोचा समीक्षक जीन सिस्केल या चित्रपटावर इतका फिदा होता, की त्याने तो सूट एका लिलावात 2,000 डॉलरला घेतला. पुढे 1995 साली त्याचे 1,45,500 डॉलर आले. समीक्षकाने चित्रपटावर पैसे लावावेत आणि त्यात नफा व्हावा, असं उदाहरण दुसरं सापडायचं नाही. पण सुटाच्या या कौतुकात खालचा चित्रपट झाकला जातो, आणि तो चांगलाच कडू आहे. टोनीचे मित्र उनाड, तोंडाळ, परक्या जातीच्या माणसांचा द्वेष करणारे. बायकांशी त्यांचं वागणं बघवत नाही, आणि टोनी काही त्यांच्यापेक्षा फार निराळा नाही. मूळ चित्रपट अमेरिकेत प्रौढांसाठीच्या प्रमाणपत्राचा होता. गाणी तुफान चालली, तशी 1979मध्ये त्याची एक सोवळी आवृत्ती काढून पोराटोरांसाठी पुन्हा लावली.

घरी बाप बेकार. बांधकामावरचं काम सुटलेलं. टोनीचा पगार वाढतो, चार डॉलरने, आणि तो ते घरी सांगतो, तर बाप म्हणतो, हल्ली चार डॉलरमध्ये तीन डॉलरचाही माल येत नाही. टोनी चिडतो. आयुष्यात दोनदाच मला कुणी चांगलं म्हटलंय, म्हणतो. एकदा आज, या पगारवाढीच्या वेळी, आणि एरवी डिस्कोत, नाचताना. हा प्रसंग मिनिटभराचासुद्धा नाही. पण अख्खा चित्रपट त्याच्यावर उभा आहे. हा मुलगा नाचतो ते कलेसाठी नाही आणि करिअरसाठी तर मुळीच नाही. आठवड्यातले सहा दिवस तो कुणी नसतो आणि शनिवारी रात्री काही तास तो कुणीतरी असतो, म्हणून नाचतो. जेवणाच्या टेबलावर बाप त्याच्या टाळक्यात मारतो, तेव्हा त्याची तक्रार मारल्याची नसते, केस विस्कटल्याची असते.

गंमत अशी, की ज्या लेखावरून हे सगळं घेतलं तो लेखच बनावट निघाला. निक कोन नावाच्या ब्रिटिश पत्रकाराने 1976च्या जूनमध्ये 'न्यूयॉर्क' मासिकात ब्रुकलिनच्या डिस्कोतल्या पोरांवर लेख लिहिला होता, अगदी डोळ्यांनी पाहिल्यासारखा. वीसेक वर्षांनी त्याने कबूल केलं, की लेखाचा नायक त्याने लंडनमध्ये पूर्वी ओळखीच्या असलेल्या एका पोरावरून रचला होता. ब्रुकलिनचं त्याला फारसं काही ठाऊक नव्हतं. खोट्या बातमीवरून इतका खरा चित्रपट निघाला. दुसरा भाग काढताना मात्र कथेतला माणूस सगळ्यांना ठाऊक होता, नट तोच होता, पटकथेत पहिल्या भागाचा लेखक नॉर्मन वेक्सलरही होता, आणि तरी निघालं ते खोटंच.

मी पहिला भाग प्रथम पाहिला तो गिरगावात मामाकडे, भाड्याच्या व्हीसीआरवर. तेव्हा मजल्यावर वर्गणी निघायची, रात्रभरासाठी व्हीसीआर आणि तीन कॅसेटी यायच्या. त्यातल्या दोन हिंदी, सगळ्यांसाठी, आणि तिसरी कुणा कॉलेजवाल्याच्या हट्टाने आणलेली इंग्रजी. ती लागेपर्यंत पहाट व्हायची आणि बायकामुलं सतरंजीवर आडवी झालेली असायची. कॅसेट पार घासलेली. ट्रॅकिंगचं चाक कितीही फिरवलं तरी पडद्याच्या तळाशी पांढऱ्या रेघांचा एक पट्टा थरथरत राहायचा. नेमके टोनीचे पाय त्यात जायचे. कमरेच्या वरचा नाच आम्ही पाहिला आणि खालचा मनाने पुरा केला.

डिस्को आपल्याकडे तोवर चांगलाच मुरला होता. अमेरिकेत मात्र त्याची होळी झालेली होती आणि तीही शब्दशः: 12 जुलै 1979 रोजी शिकागोच्या बेसबॉल मैदानात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग रचून सुरुंगाने उडवला गेला आणि प्रेक्षक मैदानात घुसले. त्याच्या पुढच्या वर्षी आपल्याकडे 'कुर्बानी' आला, 1982मध्ये 'डिस्को डान्सर' आला, आणि मिथुनच्या पँटच्या कडेच्या झगमगत्या पट्ट्या गावोगावच्या शिंप्यांना शिवाव्या लागल्या. तिकडे विझलेली चूल इकडे धडाडून पेटली होती. त्यामुळे 'फीव्हर' आम्हाला जुना वाटलाच नाही.

आणि परका तर त्याहून नाही. टोनी ज्या '2001 ऑडिसी' नावाच्या डिस्कोत जातो, तिथलं एक दृश्य मला पहिल्याच वेळी ओळखीचं वाटलं. तो फरशीवर येतो, खालचे दिवे लाल-पिवळे पेटतात आणि नाचणारी माणसं आपण होऊन मागे सरतात, त्याला गोल करून देतात. विसर्जनाच्या मिरवणुकीत आमच्या गल्लीत हे दरवर्षी घडायचं. बेंजोवाल्यांनी ठेका बदलला की छापखान्यात खिळे जुळवणारा एक हडकुळा माणूस पुढे यायचा, वर्षभर ज्याच्याशी कुणी दोन शब्द बोलत नसे तो, आणि गर्दी आपसूक बाजूला व्हायची. गोल करून देणारे सगळे ओळखीचे. कोण कुठल्या खोलीत राहतो, कुणाचं कुठे उधार आहे, सगळं सगळ्यांना ठाऊक. त्या माणसाला तिकीट काढून आलेल्या अनोळखी लोकांसमोर, खुर्च्यांच्या रांगांपुढे उभा केला असता तर तो तसा नाचला असता का, हा प्रश्न मला 'स्टेइंग अलाइव्ह' पाहिल्यावर पडला. नाचलाही असता कदाचित. पण मग तो नाच गल्लीचा राहिला नसता.

'फीव्हर'च्या त्या एकट्याच्या नाचासाठी टोनी झालेला जॉन ट्रॅव्होल्टा भांडला होता. नाच त्याने महिनोनमहिने घोटला होता. संकलनात पाहतो तर जवळच्या दृश्यांचे तुकडे जोडलेले आणि पाय गायब. तो हटून बसला, की डोक्यापासून बुटापर्यंत सगळा माणूस एका चौकटीत दिसला पाहिजे, नाहीतर मी खरंच नाचलो हे कुणाला कळणार? फ्रेड अस्टेअरही हाच हट्ट धरायचा. अखेर त्याचं ऐकलं गेलं, आणि आज आपण तो नाच पाहतो तेव्हा कॅमेरा बराच वेळ मुकाट्याने लांब उभा असतो. नृत्यदिग्दर्शन लेस्टर विल्सनचं. ट्रॅव्होल्टा तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांचा होता, शरीर सडपातळ, कमावलेलं वगैरे काही नाही. सुरुवातीलाच तो रस्त्याने पिझ्झाचे दोन तुकडे एकावर एक ठेवून खात चाललेला आहे. असल्या खाण्यावर असा नाच निघू शकतो यावर आपला विश्वास बसतो.

पण पहिल्या भागाचा माझ्या लेखी कळस हा नाच नव्हे. तो आहे त्यानंतरची स्पर्धा. टोनी आणि त्याची नाचातली जोडीदार स्टेफनी नाचतात. ठीक नाचतात, हळवे होऊन नाचतात. त्यांच्यानंतर एक पोर्टो रिकन जोडपं येतं आणि ते त्यांच्यापेक्षा सरळसरळ सरस नाचतं. पहिलं बक्षीस अर्थातच टोनीला, कारण डिस्को त्याच्या लोकांचा, परीक्षक त्याच्या लोकांचे. टोनीला हे कळतं. ज्या एकाच ठिकाणी आपण खरे आहोत असं तो मानत होता, तिथेही लबाडी आहे. तो ट्रॉफी आणि पैसे उचलतो, त्या जोडप्याच्या हातात कोंबतो आणि बाहेर पडतो. त्यानंतरची रात्र भीषण आहे. स्टेफनीशी तो गाडीत जे वागतो त्याला माफी नाही. टोनीच्या मागे लागलेल्या अॅनेटवर मित्र अत्याचार करतात आणि हा पुढे बसून राहतो. आणि व्हेराझानो पुलावर कसरत करताना बॉबी नावाचा त्यांच्यातला सगळ्यात दुबळा पोरगा पाण्यात जातो. पहाटेपर्यंत टोनी एकटा भुयारी रेल्वेतून फिरत राहतो. हे सगळं नृत्यपटात बसतं, कारण आधी त्याने ते बक्षीस देऊन टाकलेलं असतं. स्वतःशी खोटं बोलायचं त्याने थांबवलेलं असतं.

दुसऱ्या भागात टोनी मॅनहॅटनला राहायला गेलाय. ब्रॉडवेवर नाचायचं स्वप्न. सुरुवात वाईट नाही, उलट ती पंधरावीस मिनिटं पाहून मला आशाच वाटली होती. स्वस्त लॉजमधली खोली, दिवसा नाचाचे वर्ग घ्यायचे, रात्री क्लबमध्ये गिऱ्हाइकांना दारू नेऊन द्यायची, अधूनमधून चाचण्यांना जायचं, तिथून नकार घेऊन परत यायचं. एजंटांच्या कचेऱ्यांत फोटो ठेवून यायचे. गल्लीतला राजा मोठ्या शहरात गेला की त्याचं काय होतं, हा खरा विषय होता. मोहल्ल्यात पहिला नंबर असलेली किती पोरं मुंबई-पुण्याला येऊन रांगेत शेवटी उभी राहतात. त्या विषयाला धरून चालले असते तर कदाचित पहिल्यापेक्षाही जाणता चित्रपट झाला असता.

आणखी एक चांगला धागा होता. लॉरा नावाची श्रीमंत, प्रमुख नर्तिका टोनीला एका रात्रीपुरतं जवळ करते आणि दुसऱ्या दिवशी ओळख दाखवत नाही. पहिल्या भागात टोनीने अॅनेटचं जे केलं होतं तेच आता त्याच्या वाट्याला येतं. इथे कुणीतरी थांबायला हवं होतं. पण स्टॅलोनला थांबणं माहीत नाही. त्याच्या जगात दुखावलेल्या माणसाने एकच गोष्ट करायची असते, सराव. मग घाम, बैठका, पुन्हा घाम, मागे गाणं. ट्रॅव्होल्टाला 'रॉकी 3'चा वेग आवडला होता म्हणूनच स्टॅलोन या चित्रपटावर आला, आणि त्याने महिनोनमहिने ट्रॅव्होल्टाला व्यायाम करायला लावून त्याचं शरीर पार घडवून काढलं. कपाळाला पट्टी, अंगाला तेल, पोटावर घड्या. पिझ्झा खाणारा पोरगा कुठल्या कुठे गेला. या शरीराकडे बघून वाटतं, हा नाचणार की कुणाला ठोसा मारणार?

बाप दुसऱ्या भागात नाहीच. स्टेफनीचा पत्ता नाही. मित्रांचं नाव नाही. आई आहे, ज्युली बोव्हासोच, आणि टोनी तिला भेटायला ब्रुकलिनला जातो तेव्हा दोनचार मिनिटं चित्रपटात पुन्हा माणसं बोलायला लागतात. तो आईकडे आपल्या जुन्या वागण्याबद्दल वाईट वाटून घेतो आणि ती म्हणते, त्या मस्तीमुळेच तर तू इथून बाहेर पडलास. ऐकायला गोड आहे. पण इतक्या स्वस्तात? पुलावरून पडलेल्या पोराचं, गाडीतल्या त्या रात्रीचं काय झालं? 'मस्ती' या एका नावाखाली सगळं माफ करून टाकलं. चित्रपटाचं प्रमाणपत्रही आता कुटुंबासह पाहण्याजोगं होतं, त्यामुळे टोनीच्या पापांना तिथे जागा नव्हती. गाण्यांतही तेच. पहिल्या भागातली गाणी गाजवणारे बी जीज आहेत, पण कोपऱ्यात. पुढे आहे दिग्दर्शकाचा भाऊ फ्रँक स्टॅलोन, गातोही तोच आणि पडद्यावर गिटारही तोच वाजवतो. 'फार फ्रॉम ओव्हर' हे त्याचं गाणं लोकप्रिय झालं, कबूल. पण ते ऐकून माणूस जोर काढायला बसेल, नाचायला उठणार नाही.

शेवटी तो ब्रॉडवेचा प्रयोग, 'सेटन्स अॅली'. नरकातून स्वर्गाकडचा प्रवास म्हणे. धूर, आगीचे लोळ, लेसरचे झोत, चामड्याच्या पट्ट्या, दोर, किंकाळ्या. ब्रॉडवेवर असलं काही दोन रात्रीही टिकलं नसतं, पण ते जाऊ द्या, आपल्याकडच्या नाटकांतले स्वर्ग-नरकही काही फार विश्वासार्ह नसतात. माझी तक्रार वेगळी आहे. या वेळी माझ्याकडे स्वच्छ प्रत होती, चांगला पडदा होता, तळाशी रेघा नव्हत्या आणि तरीही मला टोनीचे पाय दिसेनात. खांदा दिसतो, तुकडा पडतो. घामेजलेला चेहरा, तुकडा. आगीचा लोळ, तुकडा. हवेत झेप घेतलेलं शरीर, तेही सावकाश केलेलं, आणि पुन्हा तुकडा. ज्या मुलाने सहा वर्षांपूर्वी पायांसाठी भांडण केलं होतं, त्याच मुलाचे पाय ऐन रंगात आलेल्या नाचात सापडत नाहीत. मुष्टियुद्ध असं दाखवता येतं. ठोसा लागला की नाही एवढंच तिथे कळायचं असतं. नाचाचं तसं नाही. एका पावलातून दुसरं पाऊल कसं निघालं, हेच तर बघायला आपण बसलेलो असतो.

आणि मग टोनी ठरलेली रचना मोडून एकटाच नाचायला लागतो. बाकीचे नर्तक बाजूला होतात. प्रयोगाचा दिग्दर्शक आधी चिडतो, मग विरघळतो. प्रेक्षक उभे राहतात. स्टॅलोनच्या हिशेबाने हा विजय. मी मात्र तिथे त्या पोर्टो रिकन जोडप्याला शोधत होतो. आपल्याहून चांगलं कुणी नाचलं तर ते ओळखण्याइतकी नजर ज्याला होती, त्याला या चित्रपटात आपल्याहून चांगलं कुणी दिसतच नाही. सिंथिया ऱ्होड्स समोर आहे, टोनीच्या मैत्रिणीच्या, जॅकीच्या भूमिकेत, आणि ती खरोखर सुंदर नाचणारी बाई आहे; पुढे 'डर्टी डान्सिंग'मध्ये लोकांनी पाहिलीच. तिचा टोनीला उपयोग एवढाच, की दुखावल्यावर परत यायला घर असावं.

चित्रपट चालला, हेही सांगायला हवं. नुसत्या अमेरिकेत सहा कोटी डॉलरच्या वर कमाई झाली. समीक्षकांनी मात्र धू धू धुतला, आणि 'रॉटन टोमॅटोज'वर आजही त्याच्या नावापुढे शून्य टक्के दिसतात.

यशाची नक्कल यशस्वी माणसाला स्वतःलाच सगळ्यात कमी जमते, याचं उदाहरण आपल्या घरातलंच आहे. भगवानदादांचा 'अलबेला' 1951चा. गीता बाली, सी. रामचंद्र आणि कुस्तीच्या नादातला, मारधाडीचे चित्रपट करणारा हा ठेंगणा, गोलसर माणूस. त्यांचा नाच इतका साधा, की लग्नाच्या वरातीत तो कुणालाही जमतो आणि म्हणून तो आजही जिवंत आहे. दोन वर्षांत त्यांनी 'झमेला' काढला. तीच नायिका, तोच संगीतकार, नावातसुद्धा तोच ठेका. पुढे 1966मध्ये 'लाबेला'. नाव जुळलं, नशीब जुळलं नाही. दादांची अखेर दादरच्या चाळीत झाली. पण एक गोष्ट त्यांच्या बाजूने होती: कॅमेरा लांब ठेवायचा आणि पाय दिसू द्यायचे, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

टोनी मानेरोचा तिसरा भाग कुणी काढला नाही. मला मात्र त्याचा खरा दुसरा भाग भलत्याच ठिकाणी सापडला. 1994चा 'पल्प फिक्शन'. चाळिशीला आलेला, अंगाने सुटलेला ट्रॅव्होल्टा एका रेस्टॉरंटमधल्या ट्विस्टच्या स्पर्धेत उमा थर्मनबरोबर नाचतो. चोख पावलं नाहीत, घाम नाही, आग नाही. दोघांनी बूट काढून ठेवलेत आणि टॅरॅन्टिनोचा कॅमेरा बहुतेक वेळ दोघांना पुरं दिसू देण्याइतका मागे उभा आहे. आपल्याला कुणी बघतंय याची ना त्याला फिकीर, ना लाज. पुढच्याच दृश्यात दोघं ट्रॉफी घेऊन घरी येतात, झिंगलेली, खूश. मात्र बऱ्याच नंतर एका प्रसंगात मागे कुठेतरी रेडिओ चालू असतो आणि त्यात पुसटसं ऐकू येतं, की त्या रेस्टॉरंटमधून ट्रॉफी चोरीला गेलीय. चोरलीच असणार. जिंकलेली ट्रॉफी घरी न्यायची या माणसाला कुठे सवय होती?